उलट्या आट्यांची फुलं

माझा जन्म आष्टीचा, सोनाराच्या घरातला. सुईणीनं मला बापासमोर धरलं तव्हा बापानं माझं तोंड न्हाई पाह्यलं, आधी कान पाह्यले. अंगठ्यात न् बोटात कानाची पाळी धरली, कापडवाला पोत चोळून पाहतो तशी चोळली, आन् म्हणला, पाळी जाड हाय, वजन पेलंल. इतकंच. पोरगी झाली म्हणून रडला न्हाई, हसला न्हाई, परत जाऊन भात्यावर बसला. हे मला मायनं सांगितलं, आन् माय मला कधी खोटं सांगत न्हाई असं मला लई वर्षं वाटत होतं. ते पुढं येईल.

काय सांगू तुम्हाला, माझा बाप म्हंजे असा कारागीर की त्यानं आष्टीत फुंकणी फुंकली तर मंठ्याच्या बाजारातले दिवे विझायचे. हसू नका, लिहा. मुंगीच्या पायात पैंजण घालीन म्हणायचा, आन् एकदा घातलं बी, पण मुंगी पैंजणासकट पळून गेली म्हणून पुरावा न्हाई. गावातल्या बाया नवऱ्याचं नाव घेताना लाजायच्या पण माझ्या बापाचं नाव ठणकावून घ्यायच्या, हे त्यांच्या हातचं हाय म्हणून कान पुढं करून दाखवायच्या. आमच्या घराची सगळी इज्जत अशी दुसऱ्यांच्या बायांच्या कानात लोंबत होती.

मोठ्या घरच्या बाया गोशात राहायच्या, परक्या पुरुषाला कानाला हात लावू द्यायच्या न्हाईत, मग तो सोनार का असंना. म्हणून कान टोचायला, घालायला, काढायला बाप मला पाठवायचा. मी परकर नेसायची तव्हापासून चिमटा, तेलाची कुपी न् कापूस घेऊन घरोघर हिंडलेली. लोक कानातलं समोरून पाहतात, नक्षी पाहतात, मी आजपस्तोर कुणाचंच समोरून पाह्यलं न्हाई. मला बाई भेटली की मी तिच्या मागं जाते. कानातलं धरून कसं ठेवलंय ते मागं असतं. आता झुबं घ्या, ते आकड्यावर लोंबतं, आकडा म्हंजे सगळ्यात भोळा, तान्ह्या लेकरानं वढला की हातात, म्हणून त्याला वेल लावून केसात अडकवायचं. बाळीच्या तारेचं एक टोक दुसऱ्या टोकाच्या नळीत शिरतं, चांगली बसली तर टिच्चून बसती. पण जुन्या गावठी बाळीला नळी बी नसायची, तार भोकातून काढून नुसती मुरडून टाकायची, ती मुरड बाई मेल्यावरच सुटायची. बुगडी वरच्या कानाला, तिथं कान कुरकुरीत, म्हणून तिचा पेच आखूड न् हलका लागतो, जास्ती आवळला तर बाई रात्रभर भिंतीला टेकून बसती. आन् फुलं. फुल पाळीवर थाळीसारखं बसतं, मागं दांडी, दांडीला आटे, त्या आट्यांवर हरभऱ्याएवढा पेच फिरवायचा. सगळ्या दुनियेचे पेच उजवीकडं फिरवले की आवळतात, डावीकडं फिरवले की सुटतात. सगळ्या दुनियेचे म्हणले मी, ध्यानात ठेवा.

अठ्ठेचाळीसच्या साली, निजामाचं राज्य जायला टेकलं तव्हा गावात रोज नवी अफवा. आज लुटायला येणार, उद्या येणार. मग जो तो सोनं पुरायला लागला आन् माझ्यामागं वरात. चंद्रे इकडं ये, चंद्रे माझ्या बाळ्या आधी काढ. एका देशमुखीणबाईच्या बाळ्या मुरडीच्या, इतक्या जड की ती आडवी झाली की दोघी जणींनी दोन्ही कान धरून बसायचं. ती म्हणली, पोरी तोड कान, पण सोनं काढ. मी तेल सोडून सोडून मुरड उलगडली, तर तिचे कान रिकामे झाल्यावर ते वर उडाले हो, सशासारखे. त्या एका हप्त्यात मी इतके कान रिकामे केले की नदीवर बाया एकमेकींना वळखंनात, तू कुणाची गं, म्हणून इचारायला लागल्या.

पण खरी गंमत पुढं. राज्य गेलं, पलटण आली न् गेली, शांत झालं, पुरलेलं वर निघालं. तर ज्या सासवांनी सुनांचं सोनं आपल्या मडक्यात पुरलं होतं त्यांच्या मडक्यातून ते परत सुनांच्या कानात काही आलं न्हाई. संभाळून ठेवलंय म्हणायच्या. लेकीच्या लग्नात ते तिच्या कानात दिसायचं. सुना आपल्या भोकात कडूलिंबाच्या काड्या घालून बसल्या, भोक बुजू नये म्हणून. मी घरी येऊन बापाला सांगायची, अमकीच्या कानात काडी, तमकीच्या कानात काडी. बाप फुंकणी तोंडातून न काढता ऐकायचा. ऐकायचा म्हंजे बराबर ऐकून ठेवत होता.

मंग माझं लग्न ठरलं, जाफराबादला. माणसं आमच्याच जातीची, पण भाता सोडून दोन पिढ्या झाल्या, कापडाचं दुकान. सासू पाहायला आल्ती तिनं बी माझं तोंड आधी न्हाई पाह्यलं. म्हणली, पोरीच्या कानात काय घालणार. बाप म्हणला, फुलं घालीन, अशी की तुमच्या जाफराबादेत कुणी पाह्यली नसतील. आन् केली. दिवस न् दिवस भात्यावर बसला. मधी कमळ, भवती बारीक दाणे, दाणा न् दाणा येगळा. माय तर ती बघून रडली. मला वाटलं आनंदानं रडली.

हळदीच्या दिवशी बापानं मला एकटीला दुकानात बसवलं, सवताच्या हातानं कानात फुलं घातली. म्हणला, चंद्रे, नीट ऐक. ह्याचे आटे मी उलटे पाडलेत. डावीकडं फिरवलं की आवळतात, उजवीकडं फिरवलं की सुटतात. हे तुला ठाऊक न् मला ठाऊक. सासूला न्हाई, नवऱ्याला बी न्हाई. कुणी काढाया आलं तर काढू देऊ न्हाई. तुझ्या कानात काडी येता कामा न्हाई. बस, ऊठ. माझ्या बापानं जन्मात माझ्याशी इतकं लांबलचक बोललेलं तेवढंच. मला वाटलं, दुनियेतल्या कुठल्या बापानं लेकीला असं देणं दिलं नसंल, सोनं तर दिलंच, वर त्याला राखण बी दिली. जाफराबादपस्तोर मी गाडीत मान ताठ करून गेले, बैलांना वाटलं कुणी राणीच बसली मागं.

पुनव गेली न् सासूनं सुरू केलं. चंद्रकला, फुलं काढून दे, पेटीत ठेवते, चोराचिलटाचं भ्या. मी म्हणलं, आत्याबाई, तुम्हीच काढा, मला जमत न्हाई. बसली माझ्यामागं. फिरवून राह्यली डावीकडं, जशी दुनिया फिरवती तशी. पहिल्या फेऱ्यात पेच पाळीला लागला, दुसऱ्यात पाळीत रुतला, तिसऱ्यात मी अशी वरडले की दुकानातलं गिऱ्हाईक कापड टाकून पळालं. माणसाचं असंच असतं बघा, अडलं की आणखी जोर लावतो, उलटं फिरवून पाहावं हे न्हाई येत डोक्यात. सासू चिडून कंदिलाची कळ पिळावी तसा माझा कान पिळायची. तिच्या आंगठ्याला माझ्या पेचाचा वळ पडला तो शेवटपस्तोर गेला न्हाई, सरकारी कागदावर आंगठा लावला की तिथं पेच उमटायचा. आन् रोज दुपारी सगळे झोपले की मी हळूच उजवीकडं अर्धा फेरा सैल करायची, मोकळा श्वास घ्यायची, पुन्हा आवळून ठेवायची. पुरं कधी काढलं न्हाई. बापानं सांगितलं होतं ना.

कान मात्र चिघळायला लागला. पाळीच्या मागं हिरवट पाणी यायचं. मी म्हणायची, लावते त्या लिंबाच्या तेलाचा रंग असंल. माहेरी गेले की माय दारातच मला बसवायची, हळद न् खोबऱ्याचं तेल घेऊन माझे कान मागून पुसायची, कुणाला हात लावू द्यायची न्हाई. मी बापाला कवतिकानं सांगायची, माय किती जपती बघा. बाप फुंकणी फुंकून राह्यलेला.

माझ्या सासरी माझ्यावर माया करणारं एकच माणूस, माझी नणंद, शांती. लहान होती. तिच्या आईनं माझा कान पिळला की ही माझ्या मागं बसून फुंकर घालायची. वैनी, दुखतंय का गं. तिच्या कानात आकड्याचे साधे डूल, ते बी सारखे पडायचे, मी धाग्यानं बांधून द्यायची. ती म्हणायची, वैनी, माझ्या लग्नात तुझी फुलं मला घालशील? एका दिवसाला? मी म्हणायची, घालीन गं, तुझ्यासाठी कान कापून देईन.

एकदा सासूनं मला गावातल्या म्हाताऱ्या सोनाराकडं नेलं. ह्या पेचाला काय झालंय बघा. म्हाताऱ्यानं ऐन्यापुढं बसवलं, समोरून फुलाच्या कडेला कसोटी घासली, म्हणला, सोनं चोख. सासू फुलली. मंग तो माझ्यामागं आला. पेचाला एकच बोट लावलं त्यानं, अर्धा फेरा उजवीकडं, अर्धा डावीकडं. हिरवं पाणी बोटानं पुसलं, बोट उजेडात धरलं.  मला इचारलं, पोरी, बाप कुठला तुझा. मी ऐटीत सांगितलं, आष्टीचा. तर म्हणला, हां. मोठा कारागीर हाय. आन् सासूला म्हणला, बाईसाहेब, हे काढायच्या भानगडीत पडू नका, काढलं तर मोडंल, असंच राहू द्या. मला वाटलं, काय माणूस, कलेची कदर हाय त्याला. जाताना त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. का ठेवला हे तव्हा कळलं न्हाई.

मंग माझ्या भावाचं लग्न झालं, त्याला चारसहा महिने झाले आन् मी माहेरी गेल्ते. लग्नाच्या गर्दीत मी भावजयीला समोरूनच पाह्यलं होतं, कान मुंडावळ्यांत न् पदरात झाकलेले, जन्मात एकदाच ही चूक केली. नवी भावजय माझ्याशेजारी येऊन बसली, म्हणली, वन्सं, तुमचा हात हलका हाय म्हणतात, माझी फुलं काढून द्या ना, न्हायचंय. मी तिच्या मागं गेले. पेच डावीकडं फिरवला, लोण्यासारखा सुटला. फुल माझ्या तळव्यावर आलं. कमळ. भवती बारीक दाणे, दाणा न् दाणा येगळा. माझंच फुल. एका साच्यातलं. आन् जड हो. तळहात खाली गेला माझा, इतकं जड. मी ते उलटं केलं. मागून पिवळं, दांडी पिवळी, पेच पिवळा, आटे पिवळे.

मी तिथंच बसून माझा पेच उजवीकडं फिरवला. लग्नापासून पहिल्यांदा पुरा काढला. फुल हातात घेतलं न् उलटं केलं. वरून कागदासारखा सोन्याचा पत्रा. आत तांबं. दांडी तांब्याची, पेच तांब्याचा, वरचा मुलामा तर कव्हाच गेलेला, आट्यांत हिरवा कळंक साचून राह्यला होता. तो कळंक माझ्या कानात होता, आन् मी त्याला लिंबाचं तेल म्हणत होते. मी! जी घरोघर हिंडून सगळ्यांचं मागून पाहायची. माझं सवताचं मागून पाहायला मला डोळा नव्हता, कुणालाच नसतो.

दोन्ही फुलं घेऊन बापापुढं गेले. ठेवली ऐरणीवर शेजारी शेजारी. बापानं पाह्यलं. लाजला असंल असं वाटतंय का तुम्हाला? बिलकुल न्हाई. म्हणला, काढलंस होय. नको म्हणलं होतं. मी म्हणलं, अण्णा, हे काय. तो म्हणला, तुझ्या कानात सोनं घातलं असतं तर तुझ्या सासूनं पहिल्याच वर्षी काढलं असतं, मंग ते त्यांच्या लेकीचं झालं असतं. घरचं सोनं घरात ठेवलं. लेक जाती, सून येती. तुला मी त्याच्याहून भारी वस्तू दिली, तो पेच दिला. तसे आटे पाडणारा ह्या मुलखात दुसरा दाखव. हिच्या पेचात काय हाय, कुणीबी पाडंल.

मी म्हणलं, मंग मला सांगायचं होतं. तांबं घालतो म्हणून सांगायचं होतं, मी घातलं असतं. तर बाप हसला, खरंच हसला, म्हणला, सांगितलं असतं तर तू कान धरून इतक्या जोरात वरडली असतीस का?

 बरोबर होतं हो त्याचं. मी सोन्यासाठी वरडत होते म्हणून माझं वरडणं खरं होतं. मायकडं पाह्यलं, ती दारात हळदीची वाटी घेऊन उभी. तिनं मान खाली घातली. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. ते कान पुसणं माया न्हवती, कळंक पुसणं होतं. न्हाई, माया बी असंल. आता दोन्ही येगळं करता येत न्हाई मला, पत्रा न् तांबं येगळं करावं तसं. भावजय बिचारी न्हाऊन आली, कान पुढं केले, मी तिची फुलं तिच्या कानात घातली, नीट, हलक्या हातानं. तिचा काय दोष. मंग माझी माझ्या कानात घातली. डावीकडं आवळली.

घातली न्हाईतर काय करू? आष्टीत भाऊ दुकानात बसायला लागला होता, सोनारानं लेकीला तांबं घातलं हा एक शब्द बाहेर पडला असता तर भाता थंड. आन् जाफराबादेत सासूनं मला कानाला धरून परत आणून सोडलं असतं, कुठं, तर त्याच दारात. त्या दारात मला परत जायचं न्हवतं. तव्हापासून मी तांब्यासाठी वरडायला लागले. बाप म्हणत होता ते खोटं निघालं, मी आधीपेक्षा जोरात वरडायची.

आन् मंग शांतीचं लग्न निघालं. मंठ्याचं स्थळ, माणसं खाष्ट, पोराची आई म्हणली पोरीच्या कानात तुमच्या सुनेसारखी फुलं पाहिजेत. सासू ह्या खेपेला माझ्यामागं बसली न्हाई. समोर बसली, पदर पसरला. म्हणली, चंद्रकला, आजपस्तोर जे केलं ते पोटात घाल, पोरीचं कल्याण होईल, मी पक्कड आणून दांडी तोडते, वरचं फुल तेवढं दे, मी नवी दांडी लावून घेईन. जिनं माझे कान पिळले ती माझ्यापुढं रडून राह्यली होती, आन् मला तिची दया आली, हे बी लिहा. शांती भिंतीला टेकून उभी. म्हणली, वैनी, तू देते म्हणली होतीस.

म्हणले होते. पण दांडी तोडली की तांबं दिसणार. आन् नुसतं उजवीकडं फिरवून काढून दिलं असतं, गप बसले असते, तरी पेच कुणीकडं सुटतो ते सगळ्यांना कळलं असतं, मंग तिच्या सासूनं पहिल्या महिन्यात ते पेटीत ठेवायला काढलं असतं, उलटं केलं असतं. मंग खोटं घालून आली म्हणून शांतीचं काय झालं असतं? उलट्या पेचाचं गुपित फुटल्यावर तिला तर वरडायची सोय बी राह्यली नसती. आन् खरं सांगावं तर माझं तोंड शिवलेलं. मी म्हणलं, न्हाई देणार. माझ्या बापाचं हाय. मेले तरी न्हाई देणार.

 दोऱ्यानं बांधलेले आकड्याचे डूल शांतीनं तिथंच तोडून खाली टाकले न् आत गेली. लग्न झालं, माझ्या सासऱ्यांनी दुकानातलं कापड इकून तिला हलकी बाळी केली, पण खरी केली, मागून मी पाह्यली. तिचं बरं चाललं. लेकरंबाळं झाली. माझ्याशी बोलायची बंद झाली ती झालीच. सगळ्या भावकीत सांगत सुटली, माझी वैनी म्हंजे दगड, सोन्यापायी नणंदेला उघड्या कानानं लावून दिली.

आता बाप न्हाई, माय न्हाई, सासू गेली, नवरा गेला. भावाच्या पोरांनी भाता मोडला, तिथं आता मोबाईलचं दुकान हाय. आता सांगता आलं असतं शांतीला. पण इतक्या वर्षांनी जाऊन काय म्हणू, अगं ते तांबं होतं? ती म्हणंल, आता म्हातारपणी नवी थाप. माझ्या मुंगीच्या गोष्टी तिनंच सगळ्यात जास्ती ऐकल्यात. मी जन्मभर इतकं फुगवून सांगितलं की एक खरं सांगायला जागा राह्यली न्हाई. लग्नकार्यात भेटती, आधी माझे कान बघती, मंग तोंड फिरवती. तुम्ही हे खुशाल छापा, शांतीला वाचता येत न्हाई.

फुलं अजून कानातच हायेत, बघा. पाळी लोंबली, जाड होती म्हणून टिकली, बापाचा तेवढा अंदाज खरा निघाला. सुना म्हणतात, आत्याबाई, ती काढा, हलकी घाला. मी म्हणते, असू द्या, सवय झाली. आन् आमच्यात बाई गेली की उचलायच्या आधी तिच्या कानातलं नणंदेनं काढायचं असतं, सुनांनी हात लावायचा न्हाई. तशी रीतच हाय. म्हंजे मी गेले की मंठ्याला निरोप जाईल, आन् कितीबी राग असू द्या, शांतीला यावं लागंल. माझ्यामागं बसावं लागंल, लहानपणी फुंकर घालायला बसायची तशी. फुल तिच्या हातात येईल, ती ते उलटं करंल.

मंग तिला जे वाटायचं ते वाटो. मला काय दिसणार हाय. देव तिचं भलं करो, तिच्या लेकीसुनांच्या कानात काडी न येवो. तुम्ही तव्हा जवळपास असलात तर एवढं करा, तिला सांगा, शांते, उजवीकडं फिरव. डावीकडं नको. डावीकडं लई दुखतं.